डब्ब्याने खाल्लेलं कुंकू

कुंभार पिंपळगावात कोणाकडे नवा फोटो आला की बायका एकमेकींना आधीच बजावत, "कचरूबाबाला दाखवू नका गं, सबंध दिवस जाईल त्यात." म्हणणं काही खोटं नव्हतं. फोटो हातात पडला की कचरूबाबा तो आधी उन्हात धरायचा, मग सावलीत, मग लांब, मग नाकाला लागेल इतका जवळ. आणि मग प्रश्न सुरू. "हे लुगडं खरं कोणत्या रंगाचं?" लाल, असं सांगितलं की, "मंग काळं का दिसून राह्यलं?" त्यानंतर, "ही खुर्ची कोणाची? मागचं झाड खरं का पडद्यावरचं? अन् बाईचे पाय कुठं गेले?" एकदा सोयरिकीसाठी आलेल्या फोटोवरून त्याने इतकं खोदून विचारलं की मुलीचा मामा पागोटं उचलून चालू लागला. मुलीला दोन्ही पाय आहेत एवढं वदवून घ्यायला त्याला वेशीवरून परत आणावं लागलं.

लोक हसत. तोही हसे, पण फोटो मात्र सोडत नसे. त्याचं कारण होतं. भर तारुण्यात एका फोटोने त्याला असा चकवा दिला होता की आपण जिवंत आहोत की मेलेले, एवढी साधी गोष्टही त्याला काही दिवस ठामपणे सांगता येत नव्हती.

कचरू तेव्हा पंचविशीत असेल. बाप रखमाजी थोडकं बोलणारा, आणि कोणाला न विचारता ठरवणारा. एका वर्षी त्याने गोठ्यातला तरणा बैल परस्पर विकला आणि म्हातारा ठेवून घेतला. कचरूच्या मनात नेमकं उलटं होतं. तेवढ्यावरून तो रुसला. बैलावरून रुसलेला माणूस फार तर शेतात जाऊन झोपतो; हा परतूर गाठून सिकंदराबादच्या गाडीत बसला. निघताना बायकोला, साळूला, म्हणाला, "चार महिन्यांत येतो." साळू दारात उभी होती. ती म्हणाली, "या."

सिकंदराबादेत त्याला मालधक्क्यावर हमाली मिळाली. तिथे त्याला कोणी रखमाजीचा पोरगा म्हणत नव्हतं, आणि ही चैन त्याला फारच मानवली. पहिल्या वर्षी गावाकडचं कोणी भेटलं की तो निरोप धाडी, "येतो म्हणा." दुसऱ्या वर्षी निरोप विरळ झाले. तिसऱ्या वर्षी तर गावचा माणूस लांबून दिसला की हा गोण्यांच्या आड. तसा माणूस वाईट नव्हता. रिकाम्या हाताने घरी कसं जायचं म्हणून तो थांबला, आणि थांबल्यामुळे आता आणखी कोणत्या तोंडाने जायचं, अशा गुंत्यात अडकला. साळू तिकडे काय करत असेल हा विचार त्याला येई, नाही असं नाही. पण आला की तो चूळ टाकावी तसा टाकून देई. अशा माणसाचा राग यावा की कीव, हे ठरवणं अवघड आहे. साळूने काय ठरवलं होतं ते पुढे कळेलच.

त्याच वर्षी वैशाखात गावचे रामराव अदालतीच्या कामासाठी हैदराबादेत आले आणि खटला हरून परत निघाले. सिकंदराबादला गाडी सुटायच्या बेतात होती. त्यांना खिडकीतून कचरू दिसला. पाठीवर गोणी असल्यामुळे त्याला लपता आलं नाही.

"कचरू, अरे इकडं ये! कवापासून तुला हुडकून राह्यलो." रामरावांनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर धरलं. "साळूनं दिलंय तुझ्यासाठी."

कचरूने गोणी टाकली, पुडकं घेतलं. रामरावांचा चेहरा पार उतरलेला होता. "घरी समदं..." तो विचारणार तेवढ्यात शिट्टी झाली. गाडी हलली. रामराव हात हलवत म्हणाले, "जाऊ दे बाबा. एकेकाचं नशीब असतं." ते आपल्या खटल्याबद्दल बोलत होते. पण कचरूला खटल्याची काय कल्पना?

गाडी गेल्यावर त्याने फडकं सोडलं. आत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो होता. घरातल्या माणसाचा फोटो हातात घ्यायची त्याची ही पहिलीच वेळ. साळू होती. तेच थोडं पुढे आलेलं कपाळ, तीच हनुवटी. आधी त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटेल असं त्याला वाटलं नव्हतं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की साळू पांढरं लुगडं नेसलीय.

त्याने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. पांढरंच. कपाळ पाहिलं. साळूचं कुंकू म्हणजे ढब्बू पैशाएवढं, लांबून येताना बाईच्या आधी कुंकू दिसायचं. कपाळ मोकळं होतं. गोंदणाचा ठिपकासुद्धा गेलेला. गळा पाहिला, पदराखाली नुसता अंधार, मणी कुठेच दिसेना. एक हात पदरात होता, दुसरा एका खुर्चीच्या पाठीवर, आणि त्या मनगटात बांगड्या असाव्यात असं काही दिसत नव्हतं. आता राहिली जोडवी. जोडव्यांसाठी त्याने नजर खाली नेली, तर फोटो गुडघ्यापाशीच संपत होता. पायच नव्हते.

आणि जिच्यावर साळूने हात टेकला होता, ती खुर्ची रिकामी होती.

बायको पांढऱ्यात, कपाळ मोकळं, शेजारची खुर्ची रिकामी. याचा अर्थ सांगायला कोणी शास्त्री लागत नाही. बाईचा नवरा गेला. कोणाही सज्जन माणसाप्रमाणे कचरूला त्या बाईबद्दल फार वाईट वाटलं. मग तिचा नवरा कोण, हे त्याला आठवलं.

मालधक्क्याच्या बाहेर अकबरबीचं चहाचं दुकान होतं. अकबरबी मूळची जालन्याची, वयस्कर, हमालांना आईसारखी आणि आईसारखीच तोंडाळ. कचरूने काही न बोलता फोटो तिच्यापुढे धरला.

"तेरी घरवाली?" तिने फोटो दिव्याजवळ नेला. "अच्छी है रे. पन ये बंगला किसका है?"

"कोणता बंगला?"

अकबरबीने बोट ठेवलं. साळूच्या मागे खरंच बंगला होता. दगडी खांब, वर जाणारा जिना, जिन्याच्या दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्या. साळूच्या पांढऱ्या लुगड्यापलीकडे कचरूची नजरच गेली नव्हती. कुंभार पिंपळगावात असा बंगला नाही. मंठ्यात नाही. जालन्यात एखाद्या कारखानदाराचा असेल तर असेल.

"अन् हौर एक बात," अकबरबी म्हणाली, "ये रोई है. आँखां देख इसकी. बहोत रोई है ये."

डोळ्यांखाली काळी सावली होती, खोल, विहिरीत पडते तशी. गरम चहा हातातच राहिला.

त्याच्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला तो असा. आपण तीन वर्षं गेलो नाही, तेव्हा घरच्यांनी आपल्याला मेलं असं धरलं. ठीक. त्यांच्यात विधवेचा पाट लावायची, म्हणजे दुसरं घर करून द्यायची चाल होती. तेव्हा साळूचा एखाद्या बंगलेवाल्याशी पाट लागला. हेही ठीक नसलं तरी समजण्यासारखं. पण पाट लागला तर मग पांढरं कशाला? आणि पांढऱ्यात असेल तर बंगला कोणाचा? बंगल्यात असेल तर रडते का? आणि रडत असेल तर कोणासाठी? एक गाठ सोडवावी तर दुसरी बसे. शेवटच्या प्रश्नापाशी मात्र तो जरा जास्त वेळ थांबे.

त्याहून वाईट गोष्ट त्याला रात्रपाळीत आठवली. लहानपणी ऐकलं होतं, शेजारच्या गावातला एक माणूस परागंदा झाला होता. घरच्यांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, दहावं-तेरावं केलं. आणि पुढे तो माणूस चालत आला. त्याला म्हणे कोणी दारातून आत घेईना. मेलेला माणूस दारातून आला तर घराला बाधतं. शेवटी छपराची कौलं काढून त्याला वरून आत उतरवला, पाळण्याला हात लावून पुन्हा नाव ठेवलं, तेव्हा कुठे तो जित्यात जमा झाला. ही गोष्ट ऐकून लहानपणी कचरू पोट धरून हसला होता. आता त्याला आपल्या घराचं छप्पर आठवायला लागलं. ते धाब्याचं होतं. कौलंच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने मुकादमाला सांगितलं, "गावाकडं जातो."

"का रे? कोन मर गया?"

कचरूने फोटो फडक्यात गुंडाळला आणि गाडी गाठली.

परतूरला उतरून तो चालत निघाला. वाटेत ओळखीच्या गाडीवानाने हाक मारली, "काय कचरू, लई दिसांनी!" कचरूला धीर आला. मेलेल्या माणसाला कोणी असं हाक मारत नाही. पण लगेच वाटलं, हा तर दुसऱ्या गावचा. याला कुठून माहीत असणार?

गावात शिरताना तो वेशीतून आलाच नाही. निवडुंगाच्या कडेकडेने, ओढ्यातून, चोरासारखा आपल्याच घराच्या मागच्या अंगाला गेला आणि गोठ्याच्या भिंतीआड उभा राहिला. दारातून जायची त्याची छाती नव्हती. पुतळा जाळला असेल तर? आपल्या पायाने घराला बाधलं तर? गोठ्यातला म्हातारा बैल त्याच्याकडे बघून मान हलवत होता. बैलाने ओळखलं, एवढाच काय तो आधार.

थोड्या वेळाने साळू शेणाची पाटी घेऊन बाहेर आली. तिच्या कपाळावर कुंकू होतं. ढब्बू पैशाएवढं, लालभडक. गळ्यात मणी होते. हातात हिरव्या बांगड्या होत्या, पायात जोडवी होती. आणि अंगावर निळं लुगडं होतं, आभाळासारखं निळं, धुऊन धुऊन विरलेलं.

कचरूने फोटो काढून तिच्याशेजारी हवेत धरला. एकदा फोटोकडे बघे, एकदा तिच्याकडे.

साळूने पाटी खाली ठेवली. तिने आरडाओरडा केला नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "दारातून यायला काय झालं व्हतं?"

"चालतंय का? दारातून?"

"न चालायला काय?"

"साळू, मी जित्ता हाय न्हवं?"

"दिसताय तर जित्ते."

"ही तूच का?"

"मीच."

"मंग कुंकू कुठंय?"

साळूने कपाळाला बोट लावलं आणि लाल झालेलं बोट त्याला दाखवलं.

"फोटूतलं इचारतोय मी!"

"मला काय म्हाईत? फोटूच्या डब्ब्यानं खाल्लं असंल."

"अन् लुगडं?"

"हेच हाय. भावानं घेतलंय, तुम्ही गेल्यावर."

"हे निळं हाय, साळू."

"हेच हाय म्हणलं ना." तिने पाटी उचलली आणि ती उकिरड्याकडे निघून गेली. तेवढ्यात रखमाजी गोठ्यात आला. तीन वर्षांनी दिसलेल्या मुलाकडे त्याने वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "आलास? बैलाला पाणी दाखीव." पुतळ्याचा, तेराव्याचा, बंगल्याचा कोणी विषयच काढला नाही. कचरूने बैलाला पाणी दाखवलं.

तो परत गेला नाही. पण माणूस घरी आला म्हणून त्याच्या डोक्यातला गोंधळ काही घरी बसत नाही. साळू त्याला वाढी, भाकरी गरम असे, लागेल तेवढं बोले. त्याच्यावर ती ओरडली असती तर बरं झालं असतं; ओरडणाऱ्या बाईपुढे मान खाली घालून मोकळं होता येतं. एकच गोष्ट त्याला तिला विचारायची होती. तू मला मेलेला धरलं होतंस का? आणि तीच त्याला विचारवत नव्हती. कारण तिने "हो" म्हटलं तर पुढे काय बोलायचं हे त्याला माहीत नव्हतं, आणि "नाही" म्हटलं तर तो फोटो घरातच होता.

शेजारच्या द्वारकाबाईने फोटो पाहिला आणि तोंडाला पदर लावला. "अवो, त्या डब्ब्याला पुढचं दिसतंय म्हणतात. जे व्हायचं ते आधीच काढतो त्यो." झालं. त्या दिवसापासून कचरू विहिरीच्या काठाला जाईना, चिंचेवर चढेना, ओढ्याला गुडघाभर पाणी असलं तरी वळसा घालून येई. धडधाकट माणूस आपल्याच बायकोच्या फोटोला भिऊन जपून जपून पावलं टाकतोय, हे बघून रखमाजीसारख्या माणसालाही एकदा हसू आलं. साळूला आलं नाही. ती त्याच्याकडे बघत राही. तिच्या मनात काय आहे ते त्याला फोटोतही कळत नव्हतं आणि समोरही.

साळूचा तो फोटो गेल्या रामनवमीच्या जत्रेत निघाला होता. पुन्हा रामनवमी आली. जांबेत समर्थांच्या गावी जत्रा भरली, आणि त्या जत्रेत जालन्याचा सलीम फोटोवाला आपला तीन पायांचा डब्बा घेऊन येतो हे कचरूने आधीच विचारून ठेवलं होतं. साळूला घेऊन तो निघाला. साळूने बरोबर एक गाठोडं घेतलं. जत्रेला जाताना बाई गाठोडं घेतेच, म्हणून त्याने विचारलं नाही.

सलीमचा तंबू लांबूनच ओळखू आला, कारण तंबूच्या तोंडाशी बंगला उभा होता. दगडी खांब, जिना, कुंड्या. वाऱ्याने बंगला फडफडत होता.

कचरू भांडायलाच गेला होता. त्याने फोटो सलीमच्या नाकासमोर धरला. "हे काय केलं तुम्ही? माझ्या जित्त्या बायकोला रांडवपण आणलं?"

सलीम चाळिशीचा, सडपातळ, बोटं औषधाने पिवळी पडलेली. त्याने फोटो बघितला, साळूकडे बघितलं. "अरे भाऊ, बंगला पडद्यावरचा हाय. माझ्या साल्यानं बांधला, ब्रशनं. खुर्ची ठेवतो टेकायला. हात थरथरला का फोटू बिघडतो. त्या खुर्चीत बसायला कोणी नव्हतं, त्याला मी काय करू?"

कचरूने फोटोतल्या गुडघ्यांवर बोट ठेवलं.

"चेहरा मोठा यावा म्हणून डब्बा जवळ घेतला, तर पाय ऱ्हायले भाईर. डोळ्याखाली काळं, ते बारा वाजताचं ऊन. डोक्यावरून पडतं."

"म्हंजी रडली न्हवती ती?"

"ते मला कसं म्हाईत?" सलीम म्हणाला. "मी ऊन सांगतो."

"अन् कुंकू?"

सलीमने खिशातून गडद निळ्या काचेचा तुकडा काढला. "हा डब्बा अर्धा आंधळा हाय. त्याच्या आतल्या कागदाला निळं दिसतं, बाकीचं बराबर दिसत न्हाई. ही काच डोळ्याला लाव अन् बघ बाईकडं."

कचरूने काच डोळ्याला लावली आणि साळूकडे वळला. निळ्या धुक्यात साळू उभी होती. तिच्या कपाळावरचं लालभडक कुंकू काळं पडून सावळ्या कपाळात बुडालं होतं. गळ्यातले सोन्याचे मणी विझले होते. आणि तिचं विरलेलं निळं लुगडं पांढरंशुभ्र दिसत होतं. भर दुपारी, जत्रेच्या गर्दीत, हलव्याच्या दुकानासमोर, त्याची विधवा त्याच्याकडे टक लावून पाहत होती. त्याने काच झटकन खाली केली. सवाशीण. पुन्हा वर केली. विधवा. दोन्ही साळूच. यातली खरी कोणती, हे काच देऊनही त्याला कळेना.

"मी गेल्या सालीच बोल्लो होतो बाईला," सलीम काच परत घेत म्हणाला. "निळं पांढरं येतंय, कुंकू जातंय, बिलकुल बेवा दिसशील. दुसरं काही असलं तर नेसून ये, मी थांबतो. बाई म्हणली, असू द्या."

हे ऐकलं आणि कचरूला भरून आलं. इतके दिवस त्याला ज्याचा उलगडा होत नव्हता तो झाला, असं त्याला वाटलं. तिच्याकडे दुसरं लुगडं नव्हतं. कुठून असणार? तीन वर्षं आपण साधी चोळीसुद्धा धाडली नाही. भावाने दिलेल्या एका लुगड्यावर तिने वर्षं काढली आणि फोटोवाल्यापुढे "असू द्या" म्हणाली. लाजेने त्याची मान खाली गेली. अर्थ लागला होता, आणि तो त्याच्याच तोंडावर बसला होता.

"साळू," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "चल, आधी तुला लुगडं घेऊ. मंग दोघांचा फोटू काढू."

"थांबा," साळू म्हणाली. गाठोडं घेऊन ती बंगल्याच्या मागे गेली.

ती बाहेर आली तेव्हा हिरवं लुगडं नेसली होती, लाल काठाचं. घड्यांच्या रेघा अजून कापडावर होत्या. कचरूने ते ओळखलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मंठ्याच्या बाजारातून त्यानेच आणलं होतं.

सलीमने घाईघाईने कचरूला खुर्चीत बसवलं आणि साळूला शेजारी उभं केलं. तिचा हात खुर्चीच्या पाठीवर, जिथे गेल्या वर्षी होता तिथेच. "समोर बघा. डब्ब्याचं टोपण काढलं का हलायचं न्हाई, श्वास बी रोखायचा."

कचरू समोर बघत होता, पण त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. "हे लुगडं," तो ओठ न हलवता म्हणाला, "कुठं व्हतं?"

"पेटीत."

"गेल्या साली बी?"

"गेल्या साली बी. गाठोड्यात घेऊन आल्ते मी."

"मंग तवा का न्हाई नेसली?"

सलीमचा हात टोपणावर गेला. साळू डब्ब्याकडे बघत होती. तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ संपलंय म्हणून सांगावं तसा.

"नेसले असते, तर तुम्ही आला असता का?"

सलीमने टोपण काढलं.

सवाशिणीने स्वतःच्या हाताने असं काही करावं, हे कचरूला कोणी सांगितलं असतं तर त्याने खरं मानलं नसतं. कुंकू चुकून पुसलं गेलं तरी जीव घाबरणाऱ्या बायका त्या. ही बाई त्या डब्ब्यापुढे कपाळ मोकळं दिसणार हे ठाऊक असून उभी राहिली होती. संतापाने की आशेने? आपल्याला मेलेलं धरून की जिवंत धरून? त्याला काही काही कळलं नाही. त्याला एवढंच कळलं की लग्न झाल्यापासून आपण हिच्याकडे कधी नीट पाहिलेलंच नाही, आणि सलीमने हलू नको म्हणून ओरडेपर्यंत त्याची मान वळली होती.

तो फोटो पुढे कायम त्यांच्या घरात राहिला. निजामाचं राज्य गेलं, माणसं गेली-आली, रखमाजी गेला, तरी फोटो त्याच खुंटीला. त्यात साळूबाई ठसठशीत आली आहे. हिरवं लुगडं काळं पडलंय खरं, पण पाय दिसतात, जोडवी दिसतात. कुंकू सलीमने मागाहून ब्रशने लावलं, ते तेवढं लाल आहे. आणि खुर्चीतल्या माणसाला चेहरा नाही. पागोटं आहे, खांदे आहेत, मध्ये नुसता पुसट फराटा.

दुसऱ्यांच्या फोटोंची इतकी उलटतपासणी घेणाऱ्या कचरूबाबाला लोक मग त्याच्याच फोटोवरून छेडत. "बाबा, तुम्ही तर उठून पळायच्या घाईत दिसून राह्यले!" सगळ्यांना तसंच वाटे. बाई ठाम उभी आहे आणि पुरुष निघालाय, असंच कोणीही म्हणेल.

"निघालो न्हवतो," कचरूबाबा म्हणे. "हिच्याकडं वळून बघून राह्यलो व्हतो."

आणि चुलीपासून साळूबाईचा आवाज येई, "पयल्यांदाच."